विंडोज 'फुकट' मिळत असताना घरच्या संगणकावर लिनक्स कशासाठी?

शेवगा (धागाकर्ता)
शनिवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी,

बाबांचा लॅपटॉप २०१५ चा आहे. पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं आयुष्य संपलं हे त्यांनी पेपरात वाचलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. "अरे, हा आता बंद पडणार का?" बंद पडणार नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतील, एवढंच. पण 'एवढंच' म्हणताना माझाच आवाज खाली जातो, कारण बँकेचं सगळं काम ते त्यावरच करतात.

विंडोज ११ त्यावर रीतसर चढत नाही. आठव्या पिढीच्या आधीचे इंटेलचे बहुतेक प्रोसेसर यादीतच नाहीत, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. एक वर्षाची मुदतवाढ मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती घेऊन ठेवली तर पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा हाच फोन.

म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचा विचार करतोय. मी ऑफिसात सर्व्हरवर वापरतो, म्हणजे काळ्या पडद्यावर चार कमांड मारतो. घरी कधी वापरलेलं नाही.

आता मुद्द्याचं. 'फुकट आहे म्हणून' हे उत्तर कृपया देऊ नका. आपल्याकडे विंडोजला स्वतंत्र पैसे मोजले किती जणांनी? आमच्या पेठेतला दुकानदार असेंबल केलेल्या पीसीबरोबर विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं 'टाकून' द्यायचा. अँटीव्हायरससुद्धा क्रॅक केलेला. बिलात त्याची ओळ नसायची. म्हणजे आपल्याकडे सामना फुकट विरुद्ध फुकट. तरीही ज्यांनी लिनक्स घेतलं आणि वर्षाच्या वर टिकवलं, त्यांनी ते का टिकवलं? सोडून परत गेला असाल तर तेही सांगा. तत्त्वज्ञान चालेल, पण आधी अनुभव.

खटपट्या
शनिवार, सकाळी ९.३१

चिवडा घेऊन बसलोय. दहाव्या प्रतिसादाच्या आत कोणीतरी 'लिनक्स नाही, ग्नू/लिनक्स म्हणा' असं म्हणणार, पैज.

निवांत नाना
शनिवार, सकाळी १०.०५

शेवगा, तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून लिहितो. ७१ पूर्ण. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. २०१९ पासून लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. जावयांनी टाकून दिली.

का टिकवली विचारता, तर शांतता. मी रात्री जसा संगणक सोडतो तसाच तो सकाळी असतो. खालच्या पट्टीत नवीन काही उगवलेलं नसतं, हवामान नाही, बातम्या नाहीत, 'हे करून पाहा' नाही. अपडेट आले की कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसतं. मी दाबलं तर होतात, नाहीतर ती ढाल तशीच बसून राहते. आणि गंमत बघा, विचारून करतं म्हणून मी कधी टाळत नाही. आधी न विचारता व्हायचं तेव्हा मी वायफायच बंद करून ठेवायचो.

आमच्या शाखेत नव्वदच्या दशकात लेजर पोस्टिंगची मशीनं युनिक्सवर चालायची. हिरवी अक्षरं, माऊस नाही. त्यामुळे पासवर्ड विचारला की मला आपल्या जुन्या साहेबांची आठवण येते, राग येत नाही.

पेन्शनवाल्यांना एक भीती असते, हयातीच्या दाखल्याची. पूर्वी अंगठ्याचं यंत्र संगणकाला जोडावं लागे आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चाले. आता जीवन प्रमाण मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. ती अडचण मिटली.

शेवगा
शनिवार, सकाळी १०.२०

नाना, हे 'विचारून करतं म्हणून टाळत नाही' फार पटलं. बाबांचंही तसंच आहे. ते संगणकाशी भांडतात.

डीटीपीवाली
शनिवार, दुपारी १२.४८

मी परत गेलेली. माझंही ऐका.

२०२० च्या टाळेबंदीत काम बंद होतं तेव्हा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं होतं. चार महिने टिकलं. आवडलं नाही असं अजिबात नाही, इंकस्केपमध्ये वेलबुट्टी काढायला तर मजा आली. पण माझं पोट लग्नपत्रिका, स्मरणिका आणि एका दिवाळी अंकावर चालतं. पंधरा वर्षांच्या फायली पेजमेकरमध्ये, अक्षरं श्रीलिपीची. हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या ठरलेल्या पद्धतीचे, नाहीत. पडद्यावर 'क' दिसतो, पण आत भलतंच रोमन चिन्ह बसलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं काहीतरी उरतं.

आता गिऱ्हाईक दारात उभं. "ताई, थोरल्याच्या पत्रिकेत फक्त नाव नि तारीख बदला." त्याला मी काय सांगू, की थांबा, आधी तुमची पत्रिका युनिकोडात नेते? परिवर्तक आहेत, वापरलेत, पण रफार आणि अर्ध्या अक्षरांत कुठेतरी पाय घसरतोच. स्मरणिकेत एका दिवंगत अध्यक्षांच्या नावातला रफार उडाला होता. त्यांच्या मुलाचा फोन मी अजून विसरले नाही.

स्क्रायबसमध्ये (लिनक्सवरचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर) देवनागरी नीट बसायला लागली ती १.५ च्या मालिकेपासून. तोवर आमच्यासारख्यांचा अर्धा जन्म गेला होता. मला माझ्याच जुन्या फायलींनी बांधून ठेवलंय. ज्याचं असं काही गाठोडं नाही त्याने खुशाल जावं.

शेवगा
शनिवार, दुपारी १.०२

ताई, बाबांची सोसायटीची पत्रं आहेत बरीच. वर्डमध्ये, मंगल फॉन्ट.

डीटीपीवाली
शनिवार, दुपारी १.१०

मंगल म्हणजे युनिकोड. वाचलात. मंगल लिनक्सबरोबर येत नाही, त्यामुळे लिब्रेऑफिस (तिथलं वर्ड) त्या जागी लोहित किंवा नोटो घालेल. अक्षर शाबूत राहील, ओळी थोड्या सरकतील, एका पानाचं पत्र सव्वा पानाचं होईल. लोहित फॉन्ट आपल्या पुण्यातच, रेड हॅटच्या कचेरीत सांभाळला गेलाय, हे अवांतर.

आणि एक. मजकुराची भाषा 'मराठी' लावा, हिंदी नको. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. कोणी लावत नाही आणि मग 'लिनक्सवर मराठी हिंदीसारखी दिसते' म्हणून ओरडतात.

तांबडा रस्सा
शनिवार, दुपारी ३.३७

आमचं झेरॉक्सचं दुकान हाय, कॉलेजच्या दारात. तीन मशीन. दोन लिनक्स, एक विंडोज. कारण एका शब्दात सांगतो, पेनड्राइव्ह.

दिवसाला शंभरेक पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात. प्रोजेक्ट छापायचा असतोय. त्यातल्या निम्म्यात तो शॉर्टकट व्हायरस. फोल्डर गायब, त्याच्या जागी शॉर्टकट, दाबला की गेलं मशीन. मशीन गेलं की पुढच्या पोराचा पेनड्राइव्हबी गेला. मग पोरगं म्हणणार, तुमच्या दुकानात लागला. सबमिशनच्या आदल्या रात्री हे ऐकायला लई जड जातंय बघा.

लिनक्सवर तो व्हायरस नुसता पडून राहतोय. लपवलेला फोल्डर सरळ दिसतोय, फाइल उचलायची, छापायची, मोकळं. पोरास्नी वाटतंय मी लई मोठा एक्स्पर्ट. काही केलेलं नसतंय, कंट्रोल एच दाबलेलं असतंय.

विंडोजचं एक ठेवलंय ते सही-शिक्क्याच्या कामाला आणि त्या एका प्रिंटरला. कंपनीचं नाव घेत नाही, दुकानादुकानांत दिसतोय तो ठेंगणा लेझर. लिनक्सवर आणायला मी दोन रविवार घातले. एकदा पान आलं, पेढा वाटला, दुसऱ्या दिवशी परत बंद.

खटपट्या
शनिवार, दुपारी ३.५५

पेढा वाटला ह्याला दंडवत.

प्रिंटरबाबत: घ्यायच्या आधीच बघा. एचपीचे बहुतेक एचपीएलआयपी या कंपनीच्याच ड्रायव्हरमुळे लगेच चालतात, काहींना एक प्लगइन वेगळं लागतं. नवीन नेटवर्कवाले बहुतेक ड्रायव्हरशिवायच चालतात. जुना, फक्त यूएसबी, कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलणारा असेल तर मात्र आधी इथे विचारा.

ताळेबंद
शनिवार, सायंकाळी ६.२०

धागा 'घरच्या संगणकासाठी' आहे हे बरं केलंत. सीएच्या कचेरीत असाल तर पुढे वाचूसुद्धा नका. टॅली विंडोजचं. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून दाखवणारे भेटतात, पण ३१ मार्चला हिशेबनीसाच्या संगणकावर प्रयोग करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. डिजिटल सहीचं टोकन, त्याचा ड्रायव्हर, त्यावर पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर, हे तीन डबे एकमेकांना जोडताना विंडोजवरच घाम फुटतो.

घरच्या माणसाला यातलं काही लागत नाही. पगारदाराचं विवरणपत्र ब्राउझरमध्ये भरता येतं, आधार ओटीपीने पडताळणी होते. छोट्या एकट्या धंदेवाल्याचं जीएसटीही ओटीपीवर निघतं. कंपनी असेल तर सही लागते.

मी स्वतः? ऑफिसात विंडोज, घरी फेडोरा, म्हणजे लिनक्सच. घरी आल्यावर टॅली दिसू नये हेच माझं कारण.

पावशेर
शनिवार, रात्री ९.०८

गेमवाल्यांचं कोणी बोललं नाही म्हणून. २०१८ ला व्हॉल्व्ह कंपनीचा प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा) आला आणि २०२२ ला त्यांचाच हातात धरून खेळायचा स्टीम डेक, तेव्हापासून त्यांच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातले बरेच गेम लिनक्सवर नुसते 'प्ले' दाबून चालतात. व्हॅलोरंट चालत नाही, चालणारही नाही, त्याचं अँटीचीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या अगदी तळात बसतं. माझ्या धाकट्या भावाने तेवढ्यासाठी परत विंडोज टाकलं. बारावीचं वर्ष होतं, आईने मलाच बोल लावला.

सरळसोट
रविवार, सकाळी ८.४४

सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडं मिठाचा खडा.

घरात लिनक्स टाकणं म्हणजे घरातला एक माणूस कायमचा बांधून ठेवणं. आमच्या तालुक्याच्या गावात चार दुकानं आहेत. चौघांनाही एकच इलाज येतो, 'फॉरमॅट मारू'. पण निदान येतो. लिनक्स बघितलं की 'हे काय टाकलंय तुम्ही' म्हणून हात वर करतात आणि पाचशे रुपयांत विंडोज टाकून देतात, आपले फोटो उडवून. हे माझ्या मामांच्या बाबतीत घडलं. भाचा टाकून देऊन पुण्याला गेला, म्हणजे मीच.

एमएस-सीआयटी केलेल्या लाखो लोकांना संगणक म्हणजे स्टार्ट बटण आणि वर्ड असंच शिकवलंय. तीच त्यांची मातृभाषा. पासष्टीच्या माणसाची भाषा बदलायची तर त्याच्या सोयीसाठी बदलतोय का आपल्या हौसेसाठी, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. माझ्या बाबतीत हौस होती.

निवांत नाना
रविवार, सकाळी ९.१५

सरळसोट, मुद्दा खरा आहे. आमचे जावई २०२२ मध्ये बंगळुरूला गेले तेव्हा मलाही धाकधूक होती.

मी शंभर पानी वही केली. जावयांना फोनवर विचारायचं आणि लिहून ठेवायचं. 'आवाज येत नसेल तर काय', 'पीडीएफ दोनदा उघडली तर काय'. सहा वर्षांत अडतीस पानं भरली आहेत, त्यातली वीस पहिल्या तीन महिन्यांतली. गेल्या वर्षभरात एकच नोंद. एकदा मी काहीतरी उडवलं तेव्हा टाइमशिफ्टने आदल्या दिवशीच्या स्थितीत नेऊन ठेवलं, ते पान सतरा. पण एक कबूल करतो, मी वही लिहिणारा माणूस आहे. आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांकडे हे चाललं नसतं.

कोचीकर
रविवार, सकाळी १०.३०

>> एमएस-सीआयटी केलेल्या लाखो लोकांना... तीच त्यांची मातृभाषा

इथे केरळात ती भाषा दुसरी शिकवली गेली एवढाच फरक. नोकरीनिमित्त सात वर्षं कोचीत आहे. शेजारची मुलगी सरकारी शाळेत नववीत. तिच्या शाळेत विंडोज नाही. राज्याचा 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प २००१ चा, त्याचीच २०१७ मध्ये 'काइट' नावाची कंपनी झाली. उबुंटूवर बेतलेली स्वतःची प्रणाली ते शाळांना देतात, त्यात गणिताचं जिओजेब्रा, चित्रांचं जिम्प, मल्याळम टंकन सगळं आधीच घातलेलं. दहावीच्या आयटीची परीक्षासुद्धा त्यावरच.

तिला मी एकदा विचारलं, लिनक्स अवघड नाही का जात? तिने विचारलं, कशापेक्षा?

सरळसोट
रविवार, सकाळी १०.४१

हे मात्र मानलं.

इझारकाठ
रविवार, दुपारी २.१९ (इथे सकाळ)

म्युनिकहून. सरकारांचा विषय निघालाच आहे तर आमच्या महापालिकेची गोष्ट सांगते, कारण दोन्ही बाजूंचे लोक ती अर्धीच सांगतात.

२००३ मध्ये इथल्या नगरसभेने विंडोज सोडायचं ठरवलं. प्रकल्पाचं नाव लीमुक्स. दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर गेले. मग २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव झाला. लिनक्सविरोधक इथे थांबतात. पुढे २०२० मध्ये नवीन आघाडी आली आणि तिने पुन्हा म्हटलं की शक्य तिथे मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे जाऊन, येऊन, अर्धं परत जाऊन. तंत्रज्ञानापेक्षा महापौर कोण यावर जास्त ठरलं. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको.

उत्तरेला श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांवर आधी लिब्रेऑफिस, मग लिनक्स आणायचं जाहीर केलं. फ्रान्सचे जांदार्म, म्हणजे तिथलं एक पोलीस दल, तर २००८ पासून स्वतःचं उबुंटू वापरतात. यांचं कारण पैसे हे आहेच, पण आता जास्त ऐकू येतं ते 'आपल्या नागरिकांची माहिती आपल्या हातात हवी' हे.

माझं स्वतःचं कारण अगदीच किरकोळ. जर्मन कीबोर्डवर मराठी लिहायचं होतं. लिनक्सवर भाषांच्या यादीत 'गमभन' (रोमन अक्षरं टंकून मराठी लिहायची पद्धत) दिसलं. या फोरमवर जसं टंकते तसंच तिथे, नेट नसतानाही. त्या दिवशी राहिले ती राहिलेच.

खटपट्या
रविवार, दुपारी २.४०

गमभन आयबसमध्ये, म्हणजे लिनक्सच्या टंकनाच्या सोयीत, आहे? पंधरा वर्षं लिनक्स वापरून मला हे आज कळतंय.

आहे. आत्ता बघितलं. 'आयबस-एम१७एन' टाकलं की मराठीखाली इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक आणि गमभन. दंडवत बाई.

आता माझी जुनी कहाणी. २००७, अहमदनगर. आयएसओ, म्हणजे लिनक्स टाकायची फाइल, सातशे एमबीची आणि घरी डायलअप. ती उतरवायची म्हणजे फोन आठवडाभर अडकणार आणि वडील मला घराबाहेर काढणार. तेव्हा उबुंटूवाले जगभर टपालाने फुकट सीडी पाठवायचे, शिपइट नावाची योजना होती, २०११ मध्ये बंद केली. मी फॉर्म भरला आणि विसरलो. काही आठवड्यांनी पोस्टमनने परदेशी शिक्क्याचं पाकीट आणून दिलं. आईला वाटलं, पोराला अमेरिकेतून नोकरी आली.

पुढे बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद. दोनचा गजर लावून उठायचं, डाउनलोड लावायचं, झोपायचं. मग लिनक्सचा एक प्रकार (डिस्ट्रो) झाला की दुसरा. मी लिनक्स निवडलं ते ती सीडी कोणीतरी आपल्याला उगाच पाठवली म्हणून. उपयोग वगैरे नंतर.

कडीकुलूप
सोमवार, रात्री १०.५२

सुरक्षेवर कोणी काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. पोटापाण्याचा धंदा तोच.

'लिनक्सला व्हायरस लागत नाही' हे वाक्य आधी सोडून द्या. मार्च २०२४ मध्ये काय झालं ते बघा. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी छोटीशी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. कोणीतरी दोनेक वर्षं चिकाटीने मदत करत करत तिच्या देखभालीत शिरलं आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या माणसाला दुसऱ्याच कामात दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खोदत गेला आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. हा गृहस्थ मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. उबुंटू-मिंटच्या घराघरांतल्या स्थिर आवृत्त्यांत ते पोचण्याआधीच सापडलं.

यातून 'उघडा कोड असुरक्षित' असं म्हणणारेही भेटले आणि 'उघडा होता म्हणूनच सापडला' म्हणणारेही. मला दुसरं जास्त पटतं, पण नशीब होतं हेही खरं. अर्धा सेकंद कोणाला खटकतो हो?

आता शेवगा यांच्या फुकट विरुद्ध फुकटकडे येतो. क्रॅक केलेल्या विंडोजवर लोक सर्वात आधी काय करतात? अपडेट बंद. 'अपडेट केलं तर ते खोटं आहे हे कळेल' म्हणून. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं. ते ज्या भोकातून शिरलं त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. दुकानदाराच्या बिलात जी ओळ नसते ती इथे येते.

लिनक्सवर अपडेट घ्यायला घाबरायचं कारणच नसतं, कारण आपण काही चोरलेलं नसतं. घरच्या माणसासाठी माझ्या दृष्टीने सुरक्षेचा निम्मा फायदा एवढाच आहे.

तांबडा रस्सा
सोमवार, रात्री ११.०५

सोळा आणे. दुकानातल्या विंडोजला मागच्या वर्षी पैसे भरून लायसन घेतलं. पहिल्यांदा अपडेट चालू केले. झोप लागली नाही रात्रभर, सवय नव्हती.

जुना जाणता
मंगळवार, सकाळी ७.३०

फक्त एक दुरुस्ती. लिनक्स हे केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनस तोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं. बाकी बरीच अवजारं १९८३ पासूनच्या ग्नू प्रकल्पाची. त्यामुळे ग्नू/लिनक्स.

खटपट्या
मंगळवार, सकाळी ७.३३

एकोणिसाव्याला आलात. पैज हरलो.

शेवगा (धागाकर्ता)
दोन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४.१६

सर्वांचे आभार. झालं ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी २५६ जीबीची एसएसडी टाकली आणि रॅम ८ केली. निम्मा वेग तिथेच आला हे कबूल करायला हवं, विंडोज १० सुद्धा त्यावर पळालं असतं. लिनक्स टाकलं की जुना लॅपटॉप धावायला लागतो असं म्हणणाऱ्यांनी फिरती हार्ड डिस्क बदलली की नाही तेही सांगावं. ब्राउझरला रॅम लागते ती कुठेही लागतेच.

मग मिंट २२ पेनड्राइव्हवर घेऊन, काही न पुसता, तसंच चालू करून बाबांना दोन दिवस वापरायला दिलं. सगळ्यांनी आधी हे करावं. पहिल्याच तासात कळलं की वायफाय दिसत नाही. चिपचा ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेटसाठी वायफाय हवं. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरलं, ड्रायव्हर मिळाला. हे मला येत होतं म्हणून दहा मिनिटांत झालं. सरळसोट यांचे मामा आठवले.

जुनी डिस्क न पुसता कपाटात ठेवली आहे. बाबांनी त्यावर 'विंडोज, हात लावू नये' असं लिहून चिकटवलंय.

मराठी: ते इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड मांडणीवाले, जिल्हा परिषदेत शिकलेले. कीबोर्डच्या मांडणीत मराठी निवडली, बोटं आपोआप चालली. 'दुसऱ्या' मधला अर्धा र आला का हे त्यांनी सर्वात आधी तपासलं. आला. सोसायटीचं पत्र डीटीपीवाली ताईंनी म्हटलं तसंच सव्वा पानाचं झालं. त्यांनी समास कमी करून ते एका पानात बसवलं आणि वर मला ऐकवलं की मूळ पत्रच पाल्हाळिक होतं.

पत्त्यांचा डाव हवा होता. मिळाला, पण हिरवं कापड वेगळं आहे अशी तक्रार आहे.

परवा ढाल दिसली म्हणून फोन आला. "हे काहीतरी मागतंय." म्हटलं, पासवर्ड द्या. "नाही दिला तर?" काही नाही, वाट बघेल. दहा मिनिटांनी परत फोन. "दिला."

नानांची वही त्यांना दाखवली, म्हणजे प्रतिसाद वाचून दाखवला. आता आमच्याकडेही वही आहे. दोन पानं झालीत. पहिल्या पानावर माझा मोबाइल नंबर.

निवांत नाना
रविवार, दुपारी ४.४०

नंबर शेवटच्या पानावर लिहा. पहिल्या पानावर असला की वही उघडतच नाहीत.

डीटीपीवाली
रविवार, सायंकाळी ५.०२

समास कमी केले! प्रत्येक सोसायटीचा सचिव हेच करतो.

शेवगा, एक विचारायचं होतं. घरी जुना लॅपटॉप पडून आहे, लेकीच्या अभ्यासाला मिंट टाकावं म्हणते. सपाट काचेचा जुना स्कॅनर आहे, तो चालेल का हो? कंपनीने ड्रायव्हर देणं कधीच बंद केलंय, विंडोज ११ वर तो दिसतच नाही.

खटपट्या
रविवार, सायंकाळी ५.०९

मॉडेल सांगा ताई. जुने स्कॅनर सेन (SANE) या लिनक्सच्या स्कॅनर-सॉफ्टवेअरच्या यादीत बरेच आहेत. जोडून 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडा, दिसला तर तिथेच दिसेल.

डीटीपीवाली
रविवार, सायंकाळी ५.११

मागचं स्टिकर पुसलंय. उद्या दुकानातून भिंग आणून बघते.